कोतवाल बुकातला 'ताप'

आपल्या वऱ्हाडात कोतवाल बुक माहीत नाही असा माणूस विरळा. मुलाचा जातीचा दाखला काढायचा असो, पडताळणीसाठी पुरावा जोडायचा असो, पहिली धाव तहसील कचेरीकडे असते. पणजोबांच्या नावाची जन्माची किंवा मृत्यूची एखादी ओळ सापडली की घरात सण असल्यासारखा आनंद होतो. नक्कल काढतात, तिच्या दहा झेरॉक्स करतात आणि मूळ प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात जपून ठेवतात. त्या नकलेवरचा जातीचा रकाना सगळे डोळ्यात तेल घालून पाहतात. मृत्यूच्या नोंदीत कारणाचाही एक रकाना असतो. तो मात्र कोणी वाचत नाही.

गेले वर्षभर मी तोच रकाना वाचते आहे आणि आज त्याविषयी लिहिणार आहे. लेख थोडा लांबेल. नेहमीची ब्लॉगमित्र मंडळी सांभाळून घेतीलच. पण माझ्या माहेरच्या नातेवाइकांनी तो शेवटपर्यंत वाचावा, ही आग्रहाची विनंती. विषय तुमच्या-माझ्या रक्ताचा आहे, आणि हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही.

आधी थोडा इतिहास. वऱ्हाड प्रांत १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. पुढे गावोगाव जन्म-मृत्यूच्या नोंदी होऊ लागल्या. गावच्या कोतवालाचे काम म्हणून ती नोंदवही 'कोतवाल बुक' या नावाने ओळखली जाऊ लागली. सरकारच्या वार्षिक अहवालांत मृत्यूची कारणे ठरावीक असत : पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वासाचे विकार, अपघात आणि उरलेले सगळे 'इतर'. कोतवाल काही डॉक्टर नव्हता. अंग तापून माणूस गेला की तो 'ताप' लिहून मोकळा होई. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने मध्य प्रांत आणि वऱ्हाडात हाहाकार उडवला, तेव्हाही त्यातले पुष्कळसे मृत्यू 'ताप' याच सदरात जमा झाले. आमच्या घराण्याच्या ज्या नोंदी मी मोडी वाचणाऱ्या एका परिचितांकडून वाचून घेतल्या, त्यांत अर्ध्याहून अधिक ठिकाणी हाच एक शब्द आहे.

दुसरा कागद म्हणजे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडची नामावळ. ती फार जुनी आणि नेटकी आहे. अमक्याचा मुलगा तमका, त्याचे भाऊ इतके, त्यांचे मुलगे इतके. कुठे कुठे बायकोचे नाव आहे. मुलींची नावे नाहीत. सिंदखेडराजा आमच्याच जिल्ह्यातले; १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मस्थळी लाखो लोक लोटतात. जाधवांच्या मुलीचे नाव इतिहासाने राखले, कारण तिच्या मुलाने राज्य उभे केले. बाकीच्या मुली लग्न झाले की माहेरच्या कागदातून उठतात आणि सासरच्या कागदात कोणाची तरी बायको म्हणून बसतात. माझेही नाव आमच्या नामावळीत नाही. चाळीस वर्षे शाळेत हजेरीपत्रक लिहिलेल्या बाईला ही गोष्ट जरा गमतीची वाटते.

हे सगळे आज आठवायला कारण घडले ते असे. माझ्या चुलत भावाच्या मुलाला २०२४ मध्ये गळ्यात गाठ जाणवली. वय चाळिशीतले, व्यसन कसले नाही. आधी संभाजीनगर, मग मुंबई अशा वाऱ्या झाल्या आणि निदान झाले थायरॉईडच्या कॅन्सरचे. शाळेच्या पुस्तकात आपण या ग्रंथीला 'अवटू ग्रंथी' म्हणतो. गळ्याच्या पुढच्या भागात, श्वासनलिकेला बिलगून ती फुलपाखरासारखी बसलेली असते. तिच्या कॅन्सरचे अनेक प्रकार आहेत. सर्वांत जास्त आढळतो तो पॅपिलरी, आणि तो बहुतेक वेळा आनुवंशिक नसतो. आमच्या मुलाला निघाला तो मेड्युलरी. हा प्रकार एकंदरीत कमीच, शेकड्यात दोन-चार. पण मेड्युलरीच्या दर चार रुग्णांपैकी साधारण एकाला तो आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असतो. म्हणूनच मेड्युलरी निघाला की घरात दुसऱ्या कोणाला असो वा नसो, रुग्णाच्या रक्ताची जनुकीय तपासणी करावी असा वैद्यकशास्त्राचा नियम झाला आहे. आमच्या मुलाचे रक्त तपासले. 'रेट' नावाच्या जनुकात ६३४ क्रमांकाच्या जागी बदल सापडला.

मग डॉक्टरांनी कोरा कागद पुढे ओढला आणि वंशावळ काढायला घेतली. त्यांच्या वंशावळीत पुरुषासाठी चौकोन असतो आणि स्त्रीसाठी वर्तुळ. आजारी असेल त्याचा चौकोन किंवा वर्तुळ काळे करतात. प्रश्न असे : घरात कोणाला गळ्याची गाठ होती? कोणाला तरुणपणीच रक्तदाब? कोणाला वारंवार मुतखडा? कोणी अचानक गेले का? बाळंतपणात कोणी गेले का? मुलाला आजोबांपलीकडे काही सांगता येईना. त्याने मला फोन केला. मी घराण्यातली सर्वांत जुनी, म्हणजे आता मीच कोतवाल बुक!

आपल्याकडे 'घराण्यातच आहे' हा शब्द आपण फार सहज वापरतो. पण एका घरात एकच दुखणे पिढ्यान्‌पिढ्या दिसण्याची कारणे एकाहून अधिक असतात. ती वेगळी काढायला शास्त्राला बराच काळ लागला आणि त्यात आपल्या देशातल्या माणसांचा मोठा वाटा आहे.

पहिले कारण अन्नपाण्याचे. गलगंड घ्या. जमिनीत आयोडीन कमी, म्हणून पिकात कमी, म्हणून माणसात कमी, आणि मग ती उणीव भरून काढता काढता थायरॉईड फुगते. आजीला, आईला, मुलीला, तिघींना गलगंड असला तर पाहणाऱ्याला ते रक्तातून आलेलेच वाटणार. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे मीठ पुरवून पाहिले. जिथे आयोडीनयुक्त मीठ गेले तिथे काही वर्षांत गलगंड कमी झाला. १९६२ मध्ये भारत सरकारचा गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. जे घराण्याचे भोग वाटत होते ते मिठाच्या चिमटीने गेले.

दुसरे कारण सवयीचे. इथे एका मराठी माणसाचे नाव घ्यायलाच हवे : डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८). परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि तिथल्या विकृतिशास्त्र विभागाची धुरा खानोलकरांनी उचलली. भारतीयांना कोणते कॅन्सर होतात आणि का, याचा पद्धतशीर शोध त्यांनी घेतला. कमरेला धोतर किंवा साडी वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट कसून नेसल्याने तिथली कातडी काळवंडते, चरे पडतात, आणि क्वचित तिथे कॅन्सर होतो. हा 'धोतराचा कॅन्सर' त्यांनी १९४५ मध्ये शास्त्रीय जगापुढे मांडला. तंबाखूच्या वेगवेगळ्या सवयी आणि तोंडाचा कॅन्सर यांच्या संबंधावरही त्यांनी काम केले. बापाने तंबाखू खाल्ली, मुलाने खाल्ली, दोघांना तोंडाचा कॅन्सर झाला, तर तो रक्तातून आला असे म्हणता येत नाही. तो चंचीतून आला.

पण खानोलकर एवढ्यावर थांबले नाहीत. रक्ताचा प्रश्न त्यांनी सोडून दिला नाही. एल. डी. संघवी या संशोधकाबरोबर त्यांनी मुंबईतल्या सहा अंतर्विवाही गटांच्या रक्तगट आदी सात जनुकीय लक्षणांचा अभ्यास १९४९ मध्ये प्रसिद्ध केला. आपापल्या जातीत लग्ने करणारे हे गट जनुकांच्या दृष्टीने एकमेकांपासून किती वेगळे, हे मोजण्याचा तो आपल्याकडचा अगदी सुरुवातीचा प्रयत्न होता. म्हणजे एकाच माणसाच्या टेबलावर एका बाजूला धोतराची गाठ होती आणि दुसऱ्या बाजूला रक्ताची. खानोलकरांना १९५४ मध्ये पद्मभूषण मिळाले. आमच्या पाठ्यपुस्तकात त्यांचा धडा असायला हवा होता असे मला नेहमी वाटते.

तिसरे कारण खरोखर रक्ताचे, म्हणजे जनुकाचे. पण इथेही एक गैरसमज आहे, तो आधी काढून टाकू. आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल जुनी आहे. इरावतीबाई कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या नातेसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथात महाराष्ट्रातल्या या चालीची सविस्तर चर्चा केली आहे. घरात काही आनुवंशिक निघाले की लगेच कोणीतरी म्हणते, "नात्यात लग्नं केली, म्हणून झालं." काही आजारांत ते खरेही असते, ज्यांत दोन्हीकडून सदोष जनुक यावा लागतो, त्यांत. मेड्युलरीची गोष्ट तशी नाही. इथे एकाच पालकाकडून आलेला एकच बदललेला जनुक पुरतो. आई-बाप पार दोन टोकांचे असले तरी फरक पडत नाही. प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो की मुलगी. नाणे उडवल्यासारखे. तेव्हा सुनेच्या माहेराला किंवा सासूच्या माहेराला बोल लावण्यात काहीही अर्थ नाही.

आता ही गोष्ट जगाला कशी कळली ते सांगते. मला तरी ती एखाद्या ऐतिहासिक कादंबरीइतकी रंजक वाटली.

जर्मनीतल्या फ्रायबुर्ग गावी मिना रोल नावाची अठरा वर्षांची मुलगी होती. तिला अधूनमधून झटके येत. छातीत धडधड, जीव घाबरा होणे, डोकेदुखी, चक्कर. ती वाचली नाही. शवविच्छेदनात मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन्ही अधिवृक्क ग्रंथींमध्ये गाठी सापडल्या. फेलिक्स फ्रेंकेल या डॉक्टरांनी १८८६ मध्ये हे सगळे लिहून प्रसिद्ध केले. या गाठी रक्तात असा रस सोडतात की रक्तदाब एकदम आभाळाला भिडतो. पण हे कळायला पुढे काही दशके जावी लागली. मिनाचा आणि थायरॉईडचा काही संबंध असेल, हे तर कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

पुढची गाठ १९५९ मध्ये सुटली. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या हेझर्ड, हॉक आणि क्राइल या तिघांनी थायरॉईडच्या कॅन्सरमधला मेड्युलरी हा प्रकार वेगळा ओळखून त्याचे वर्णन केले. १९६१ मध्ये जॉन सिपल या डॉक्टरांनी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेलेल्या एका ३३ वर्षांच्या माणसाची हकीकत लिहिली. त्याच्या दोन्ही अधिवृक्क ग्रंथींत गाठी होत्या आणि थायरॉईडमध्ये कॅन्सर होता. एका शरीरात दोन ठिकाणी दोन दुर्मीळ गाठी, हा योगायोग असेल का? सिपल यांनी जुनी नियतकालिके चाळून अशा गाठींचे आणखी रुग्ण शोधले आणि दाखवून दिले की हा योगायोग नाही. १९६६ मध्ये ब्रिटनच्या डिलविन विल्यम्स यांनी मांडले की हा कॅन्सर थायरॉईडच्या नेहमीच्या पेशींचा नाहीच. तिच्यात विखुरलेल्या 'सी' पेशींचा आहे. या पेशी कॅल्सिटोनिन नावाचा रस तयार करतात. म्हणजे रक्तातले कॅल्सिटोनिन मोजले की गाठ हाताला लागण्याआधीच चाहूल लागू शकते. मग १९७० च्या दशकात कुटुंबेच्या कुटुंबे तपासली जाऊ लागली. दरवर्षी रक्त द्यायचे आणि निकालाची वाट पाहायची. ज्यांना आजार होणारच नव्हता, तेही भीती बाळगून वर्षानुवर्षे रांगेत उभे राहिले.

त्यांची रांगेतून सुटका केली ती जनुकाच्या शोधाने. १९८५ मध्ये बोस्टनमध्ये मासाहिदे ताकाहाशी आणि जेफ्री कूपर यांना 'रेट' हा जनुक सापडला होता, पण त्याचा या आजाराशी संबंध माहीत नव्हता. १९८७ मध्ये दोन संशोधक गटांनी आजाराचे मूळ दहाव्या गुणसूत्रावर आहे एवढे निश्चित केले. म्हणजे तालुका सापडला, गाव सापडायचे होते. गाव सापडले १९९३ मध्ये. केंब्रिजमधल्या ब्रूस पाँडर यांच्या गटातल्या लोइस मलिगन आणि सहकाऱ्यांनी, तसेच अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या एका गटाने, या कुटुंबांत 'रेट' जनुकच बदललेला असतो हे दाखवले. पुढच्याच वर्षी सेंट लुईसच्या सॅम्युअल वेल्स यांनी केवळ जनुकीय तपासणीच्या आधारावर, आजार उघड होण्याआधीच, अशा घरांतल्या मुलांच्या थायरॉईड काढून टाकल्या. माझ्या वाचनात तरी जनुकाची तपासणी वाचून शस्त्रक्रिया ठरवण्याचे याहून जुने उदाहरण आलेले नाही.

'रेट' हा जनुक पेशीला 'वाढ' असा निरोप देणारे एक प्रथिन बनवतो. हे प्रथिन पेशीच्या दारावर बसलेले असते. बाहेरून निरोप आला की दार उघडायचे, नाही तर बंद, असे त्याचे काम. ६३४ व्या जागेवरचे एक अक्षर बदलले की अशी दोन प्रथिने एकमेकांना कायमची चिकटतात आणि दार उघडेच राहते. निरोप नसतानाही पेशी वाढत राहतात. पुस्तकात एका अक्षराचा मुद्रणदोष राहिला तर आम्ही शुद्धिपत्र जोडायचो. शरीर मात्र तोच दोष प्रत्येक प्रतीत इमानाने उतरवत राहते.

आणि मिना रोल? फ्रायबुर्गच्याच हार्टमुट न्यूमन यांच्या गटाने तिचे कागद पुन्हा उघडले. जुनी नोंद होती, नाव होते, गाव होते. त्यावरून त्यांनी तिच्या घराण्यातले आजचे हयात नातेवाईक शोधले, त्यांची तपासणी केली, आणि त्यांच्या रक्तात 'रेट' जनुकाच्या याच ६३४ क्रमांकाच्या जागी बदल सापडला. हे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. १८८६ च्या मुलीचे निदान १२१ वर्षांनी झाले! तिला त्याचा उपयोग नव्हता. पण तिच्या नातेवाइकांना होता. हे शक्य झाले, कारण एका डॉक्टराने 'ताप' असे न लिहिता तिला काय काय होत होते ते सगळे लिहून ठेवले होते.

हे वाचले आणि मला माझी थोरली आत्या आठवली. आठवली म्हणजे, मी तिला पाहिलेले नाही. माझ्या जन्माआधी, १९४६ साली ती दुसऱ्या बाळंतपणात गेली. माझी आई तिच्याविषयी सांगत असे. तिला मधूनच काहीतरी व्हायचे. चेहरा पांढराफटक पडायचा, घामाने लुगडे भिजायचे, डोके दोन्ही हातांनी दाबून ती ओट्यावर बसायची, आणि अर्ध्या तासाने काही झालेच नाही अशी उठून कामाला लागायची. घरातल्यांनी बाधा ठरवली. लिंबू उतरवले, धागे बांधले. मी इतिहास शिकवला आहे. पुरावा आणि तर्क यांतले अंतर मला कळते. आत्याचे रक्त आज तपासता येणार नाही. पण ही लक्षणे आणि तो मृत्यू डॉक्टरांना सांगितले, तेव्हा त्यांनी लगेच विचारले, "त्यांना मूल होते का?"

होते. पहिली मुलगी. ती घाटाखालच्या एका गावी दिली होती. आमच्या नामावळीत ना आत्या, ना तिची मुलगी. कोतवाल बुकात आत्याच्या मुलीची ओळ आहे. तिच्यात बापाचे नाव आहे आणि पुढे नुसते 'मुलगी'. तिचे सासर, तिचा मुलगा, हे सगळे मला फक्त आईच्या बोलण्यातून आणि लग्नाच्या आहेरांच्या जुन्या वहीतून सापडले. पुरुषांच्या वंशावळीत जे मावले नाही, ते आहेराच्या वहीत होते. कोणी लुगडे दिले, कोणी पातेले दिले आणि ती कोणाची कोण, हे बायका लिहून ठेवीत, कारण परतफेड करायची असे.

त्या बहिणीचा मुलगा मी शोधला. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, नाव-गाव गाळले आहे.) त्याचे २०११ मध्ये थायरॉईडचे ऑपरेशन झालेले निघाले. ट्रंकेतून रिपोर्ट काढला, तर त्यावर 'मेड्युलरी' हा शब्द छापलेला. पण घरच्यांची तपासणी करा, असे त्या वेळी त्यांना कोणी सांगितले नव्हते. आता त्याने रक्त दिले आणि तोच बदल, त्याच जागी निघाला. म्हणजे आत्याची शाखा आणि काकांची शाखा एकच. माझा चुलत भाऊ १९९४ साली ४६ व्या वर्षी 'गळ्याच्या कॅन्सरने' गेला. गाव म्हणाले, तंबाखू. त्याने आयुष्यात तंबाखूला हात लावला नव्हता. वहिनींनी तेव्हा ते बोल मुकाट्याने ऐकून घेतले. आता त्यांचे वय पंचाहत्तर आहे. परवा मी त्यांना हे सगळे समजावून सांगितले, तर बराच वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे यांचा दोष नव्हता." नव्हता, वहिनी. आजोबांकडून आला की आजीकडून हेही या कागदांतून ठरत नाही, आणि दोष द्यायला म्हणून ते ठरवण्याची गरजही नाही.

माझीही तपासणी झाली. माझ्यात तो बदल नाही. म्हणजे माझ्या मुलांना आणि नातवंडांना माझ्याकडून तो जाण्याचा प्रश्नच मिटला. हे लक्षात घ्या. बदल नेमका कोणता हे एकदा घरातल्या एका माणसात कळले, की बाकीच्यांची फक्त तीच जागा पाहायची असते. नसेल तर त्या माणसाला या आजारापुरती कायमची सुट्टी. दरवर्षीच्या तपासण्या नाहीत, भीती नाही. रक्ताची एक बाटली आणि आयुष्यभराचा निकाल.

आणि असेल तर? तर थायरॉईड काढतात. ६३४ सारख्या बदलात लहान मुलांचे ऑपरेशन पाच वर्षांच्या आसपास किंवा त्याआधी करावे, असा आंतरराष्ट्रीय सल्ला आहे. ऐकायला कठोर वाटते, पण कॅन्सर होण्याआधी ग्रंथी गेली की तो होणार कुठे? त्यानंतर रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉईडची गोळी. आज आपल्या नात्यात निम्म्या बायका तशीही ती घेतातच! शिवाय अधिवृक्क ग्रंथींवर लक्ष ठेवायचे. या बदलाच्या सुमारे निम्म्या लोकांत पुढे तिथे गाठ होते. कोणत्याही ऑपरेशनच्या आधी आणि गरोदरपणाच्या आधी ती तपासणी फार महत्त्वाची. गाठ माहीत असली तर आधी औषधे देऊन रक्तदाब ताब्यात आणतात. माहीत नसली तर भूल देताना किंवा बाळंतपणात जिवावर बेतते. आत्याच्या वेळी हे ज्ञान मेहकर-चिखलीत काय, मुंबईतही मिळणे कठीण होते. आता आहे.

एवढे असूनही अडचण आहे, आणि ती वैद्यकीय नाही. घाटाखालच्या त्या घरी २३ वर्षांची मुलगी आहे. तिच्या आईचा मला फोन आला. "मावशी, तुमचं सगळं खरं हाये. पन पोरीचं लगन व्हायाचं हाये. कायले गाजावाजा करता?"

तिला मी रागावले नाही. तिची भीती खोटी नाही. सोयरिकीच्या बाजारात आपण मुलीचा रंग, उंची आणि पत्रिका पाहतो. त्यात रक्ताचा कागद आला तर एखादे स्थळ मोडेल, कदाचित दोन मोडतील. मी तिला एवढेच म्हटले की तुझ्या मुलीत तो बदल नसण्याची शक्यताही निम्मी आहे. तो कागद हाती आला तर ती या शंकेतून कायमची मोकळी होईल. आज मात्र न तपासताच ती संशयात अडकली आहे. आणि बदल असलाच, तर ज्या घरी तो लपवून ती जाईल, त्या घरी पहिल्या बाळंतपणात ती काय सांगणार? माझे मत विचाराल तर तपासावे, आणि सोयरीक ठरण्याआधी सांगावे. जो मुलगा ते ऐकून घरी बसेल, तो पुढच्या कोणत्याही दुखण्यात घरीच बसला असता. पण हे माझे मत झाले. मुलगी सज्ञान आहे, शिकलेली आहे, निर्णय तिचा. तिला डॉक्टरांशी एकटीने बोलता यावे एवढी व्यवस्था मी केली आहे. नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राची 'अ‍ॅक्ट्रेक' ही संस्था आहे, तिथे कॅन्सरच्या आनुवंशिकतेचे काम चालते. ज्यांना मुंबई गाठणे शक्य आहे, त्यांनी तिथे किंवा टाटा रुग्णालयात विचारावे.

एक गोष्ट घाबरणाऱ्यांसाठी. गळ्याची प्रत्येक गाठ कॅन्सर नसते, बहुतेक नसतातच. थायरॉईड कमी किंवा जास्त असणे म्हणजेही कॅन्सर नव्हे. आणि जनुकातला बिघड म्हणजे दर वेळी आनुवंशिकही नव्हे. १९८६ च्या चेर्नोबिल अणुअपघातानंतर तिथल्या अनेक मुलांना थायरॉईडचा पॅपिलरी कॅन्सर झाला, त्यांतल्या पुष्कळांच्या गाठींत हाच 'रेट' जनुक तुटून भलत्याच ठिकाणी जोडला गेलेला आढळला. तो किरणोत्साराने तुटला होता, आई-बापांनी दिलेला नव्हता. तेव्हा शेजारणीला गाठ निघाली म्हणून तिच्या घराण्याकडे बोट दाखवू नका.

मी आता आमची नवी वंशावळ लिहायला घेतली आहे. चौकोन आणि वर्तुळे, दोन्ही. आतापर्यंत पाच पिढ्यांतली ८३ माणसे झाली. त्यांत ४१ स्त्रिया आहेत. त्यांतल्या सव्वीस जणी कुठल्याच जुन्या कागदावर नावाने नव्हत्या. माहेरच्या मंडळींनी मला चार गोष्टी कळवाव्यात : आपल्या शाखेतल्या सर्वांची नावे, लेकी आणि लेकींची मुले धरून, जे गेले ते कोणत्या वर्षी आणि किती वयाचे असताना, काय होऊन गेले, आणि जाण्याआधी त्यांना काय काय त्रास होत होता. शेवटचे सर्वांत महत्त्वाचे. 'हृदय बंद पडले' एवढे लिहू नका. प्रत्येकाचे हृदय शेवटी बंदच पडते. घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा, त्यांना आठवते. ज्यांना फोनवर सांगणे सोयीचे, त्यांनी दुपारी चारनंतर करावा. मी वही घेऊन बसलेली असते.